उत्तर शून्य, की उत्तर सापडलंच नाही?

(दहावी १९८५च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहून काढताना घातल्या आहेत.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं आणि 'आरोग्याची गुरुकिल्ली' असा विषय दिला आहे. माझ्याकडे अशी किल्ली नाही. सकाळी चालायला जा, तेलकट खाऊ नका, तंबाखू सोडा, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि तुमच्यातले निम्मे ते करत नाहीत हे मला ठाऊक आहे. मघाशी चहाच्या वेळी कोण कोण मैदानाच्या भिंतीपलीकडे जाऊन आलं, तेही मी पाहिलं. तेव्हा विषय बदलते. मी रोज जे काम करते त्याबद्दल बोलते, कारण त्या कामात आपल्या शाळेतली दोन माणसं आली, आणि दोघांनी मला काहीतरी शिकवलं. त्यातला एक आज इथे बसला आहे. दुसरे नाहीत.

नववीत विज्ञानाच्या बाई पचनसंस्थेची आकृती काढून घ्यायच्या. जठर, यकृत, पित्ताशय, आतड्याची वेटोळी. या सगळ्यांत जठराच्या खाली एक आडवं पान काढायचं आणि बाण मारून 'स्वादुपिंड' लिहायचं. अर्धा गुण. मी ते बहुतेक वेळा विसरायची. पुढे आयुष्यभर त्याच अर्ध्या गुणाच्या मागे लागायचं माझ्या नशिबात होतं.

आकृतीत ते जठराच्या खाली दिसतं, पण खरं तर ते जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून असतं. साधारण वीतभर लांब आणि शंभरेक ग्रॅम वजनाचं. त्याचं डोकं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणात, म्हणजे ड्युओडेनमच्या कुशीत बसलेलं असतं आणि शेपूट प्लीहेपर्यंत जातं. डोक्यातून पित्ताची नळी जाते, मागून मोठ्या रक्तवाहिन्या जातात. पचनाचे रस तेच करतं आणि इन्सुलिनही तेच करतं. इतकं काम करणारा हा अवयव पोटावर हात ठेवून कुणालाच लागत नाही. गाठ झाली तरी बराच काळ लागत नाही. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर २०१९मध्ये याच अवयवाच्या कॅन्सरने गेले, तेव्हा 'स्वादुपिंड' हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रोज येऊ लागला, आणि माझ्या दवाखान्यात लोक पहिल्यांदा तो शब्द स्वतःहून उच्चारू लागले.

आता ते बघायचं कसं? पोटावरून सोनोग्राफी करतात, ती तुम्ही सगळ्यांनी केली असेल. आपल्या भौतिकशास्त्राच्या सरांनी शिकवलेलं ध्वनीचं परावर्तन तिथे कामाला येतं. आवाज पाठवायचा, तो आदळून परत येतो, किती वेळाने आणि किती जोराने आला यावरून चित्र काढायचं. वटवाघूळ हेच करतं. अडचण अशी की आवाजाला हवा आवडत नाही. स्वादुपिंडाच्या पुढे जठर आणि आतडी, आणि त्यांत हवा. पोटावरून पाठवलेला आवाज त्या हवेवर आदळून परत येतो. पुण्यात माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या सोनोग्राफी रिपोर्टांवर एक वाक्य छापलेलं असतं: गॅसमुळे स्वादुपिंड नीट दिसलं नाही. लोक ते वाक्य वाचत नाहीत. वाचलं तरी 'गॅस झालाय' एवढंच समजतात आणि सोड्याची पुडी घेतात.

दुसरी अडचण अंतराची. आवाजाची वारंवारता जितकी जास्त, तितकं चित्र बारीक. पण तितका तो कमी खोल जातो. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर. पोटावरून आम्ही साधारण ३.५ मेगाहर्ट्झचा आवाज वापरतो. वेग भागिले वारंवारता करून पाहा, तरंगलांबी ०.४४ मिलिमीटर येते. ७.५ वापरला तर ०.२ मिलिमीटर. म्हणजे दुपटीहून बारीक काम. पण तो आवाज पोटाच्या चामडीपासून तिथवर धड पोचत नाही. (सर, मी हिशोब बरोबर केला ना? ते मान हलवताहेत. चला.)

मग काही लोकांनी विचार केला की भिंतीबाहेरून ऐकू येत नसेल तर घरात जाऊन ऐकावं. १९८०च्या सुमारास दुर्बिणीच्या, म्हणजे एंडोस्कोपच्या टोकाला सोनोग्राफीचा छोटा तुकडा बसवून तो तोंडावाटे जठरात नेण्याचे पहिले प्रयोग अमेरिकेत आणि जर्मनीत झाले. जठराच्या मागच्या भिंतीला टोक टेकवलं की पलीकडे लगेच स्वादुपिंड. मध्ये हवा नाही, चरबी नाही, अंतर जेमतेम काही मिलिमीटर. त्याच्या पुढची पायरी म्हणजे त्या दुर्बिणीतून सुई घालून, सोनोग्राफीत पाहत पाहत, ती सुई गाठीत नेणं. स्वादुपिंडात अशी सुई घातल्याचा पहिला अहवाल १९९२मध्ये डेन्मार्कमधून पीटर विलमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. त्या वर्षी मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होते आणि आमच्या मेसमध्ये आमटीत काय पडलंय यापलीकडे कुठलीही तपासणी मला ठाऊक नव्हती.

या तपासणीला एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड म्हणतात, आम्ही तोंडात बसावं म्हणून ईयूएस म्हणतो. पेशंटने सहा-आठ तास उपाशी यायचं. डाव्या कुशीवर झोपवतात, झोपेचं औषध देतात. आमची दुर्बीण साध्या दुर्बिणीपेक्षा जाड असते, करंगळीएवढी समजा, आणि ती सरळ न बघता तिरकं बघते. त्यामुळे घसा आणि ड्युओडेनमचं वळण पार करताना हात हलका लागतो. गाडी रिव्हर्समध्ये घाट उतरवण्यासारखं आहे ते. खंबाटकी नव्हे, आपला पसरणीचा.

पडद्यावर निरोगी स्वादुपिंड मीठ-मिरपूड भुरभुरल्यासारखं करडं दिसतं. गाठ असली की त्यात एक काळपट डाग, कडा वेड्यावाकड्या. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ कधी कधी सीटी स्कॅनला हुलकावणी देते, ती इथे दिसते. शेजारच्या रक्तवाहिन्या रंगीत दिसतात, गाठ त्यांना चिकटली आहे की दूर आहे हे कळतं, कारण ऑपरेशन होणार की नाही हे बरचसं त्यावर ठरतं. मग सुई. आमच्या नेहमीच्या सुईची जाडी सुमारे ०.७ मिलिमीटर. ती गाठीत नेऊन दहा-पंधरा वेळा मागेपुढे करायची, दर खेपेला जरा वेगळ्या दिशेने, पंखा उघडावा तशी. म्हणजे गाठीच्या एकाच कोपऱ्याचा नमुना येत नाही. हल्ली अशा सुया आल्या आहेत की नुसत्या सुट्या पेशी येत नाहीत, तर तंतूसारखा छोटा तुकडा येतो. तो फॉर्मॅलिनमध्ये टाकून पॅथॉलॉजिस्टकडे. सुईने त्रास होण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन: थोडा रक्तस्राव, स्वादुपिंडाला सूज, क्वचित जंतुसंसर्ग. बहुतेक माणसं संध्याकाळी घरी जाऊन मऊ भात खातात.

"पण डॉक्टर, सुई टोचली की कॅन्सर पसरतो ना?" हा प्रश्न मला आठवड्यातून चार वेळा ऐकावा लागतो. स्वादुपिंडाच्या डोक्यातल्या गाठीत आम्ही सुई ड्युओडेनमच्या भिंतीतून घालतो, आणि पुढे ऑपरेशन झालं तर ती भिंतही गाठीबरोबरच काढली जाते. सुईच्या वाटेने रोग पसरणं फार दुर्मीळ आहे. सुईच्या भीतीने महिना घालवणं मात्र दुर्मीळ नाही.

मग सुई कशाला, सीटीत गाठ दिसली की झालं की, असंही लोक म्हणतात. कधी कधी ते बरोबरही असतं. चित्र अगदी नमुनेदार असेल, गाठ काढता येण्यासारखी असेल, माणूस धडधाकट असेल, तर सर्जन सुईशिवायही ऑपरेशन करतात. पण आधी केमोथेरपी द्यायची असेल तर तुकड्याचा पुरावा हवा. आणि शंका असेल तर हवाच. कारण स्वादुपिंडातली प्रत्येक गाठ तो नेहमीचा कॅन्सर नसते. ॲपलच्या स्टीव्ह जॉब्झने २००५मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणात स्वतःचीच गोष्ट सांगितली आहे. सकाळी स्कॅनमध्ये गाठ दिसली, डॉक्टरांनी घरची आवराआवर करा असं सुचवलं, आणि संध्याकाळी दुर्बिणीतून सुई घालून पेशी काढल्या तेव्हा तो वेगळ्या, दुर्मीळ आणि ऑपरेशनने काढता येण्यासारख्या जातीचा निघाला. त्यानंतर ते काही वर्षं जगले, २०११मध्ये गेले. ती गाठ त्याच अवयवात होती, पण आजार दुसरा होता.

आपल्या देशात तर आणखी एक सोंगाड्या आहे. आता मी आपल्या वर्गमित्राकडे येते. त्याने परवानगी दिली आहे, नाव घेऊ नको एवढंच म्हणाला. तिसऱ्या रांगेत बसून तो आत्ता माना खाली घालतोय, त्यावरून तुम्ही ओळखालच.

दहा वर्षं एका वर्गात असून आम्ही एकमेकांशी एक वाक्य बोललो नव्हतो. आपल्या वेळी मुलं खिडकीकडे, मुली दाराकडे. सहा वर्षांपूर्वी तो बायकोबरोबर माझ्या पुण्याच्या ओपीडीत आला आणि मला 'मॅडम' म्हणाला. मी फाइलवरचं नाव आणि गाव वाचलं आणि विचारलं, "तू 'ब' तुकडीतला का?" त्याने तोंड उघडायच्या आधी त्याची बायको रडायला लागली. तीन महिन्यांत अकरा किलो वजन उतरलं होतं, पोटात दुखत होतं, संध्याकाळी अंगात कणकण. सीटीत स्वादुपिंडाच्या डोक्याशी साडेतीन सेंटिमीटरची गाठ आणि आजूबाजूला वाढलेल्या लसिका ग्रंथी. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, हा कॅन्सर आहे, पसरलाय, घरी न्या. त्यावर दोन एकर विकायला काढले होते. कशासाठी? मुलीचं लग्न उरकून घ्यायला. मुलगी तेव्हा बारावीत होती.

बायको मला म्हणाली, "ताई, खोटं सांगू नका, पण आत्ता लगेच खरंही सांगू नका." हे वाक्य मी विसरलेले नाही. मी म्हटलं, मला खरं अजून ठाऊकच नाही, सुई घालून बघते.

आमच्या खोलीत त्या दिवशी पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शक घेऊन बसल्या होत्या. काचेवर पहिला नमुना पसरला, रंग दिला, त्या वाकल्या, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला कॅन्सर दिसत नाहीये. अजून एकदा घाल सुई, वेगळ्या बाटलीत दे." तो वेगळ्या बाटलीतला नमुना क्षयाच्या तपासणीला गेला. काचेवर पांढऱ्या पेशींनी गराडा घालून केलेले पुंजके होते, मधे दह्यासारखा मेलेला भाग. दोन दिवसांत जीन एक्सपर्टचा रिपोर्ट आला, क्षयरोग. टीबी स्वादुपिंडात होतो हे अनेकांना खरं वाटत नाही. कमी होतो, पण होतो, आणि सीटीत तो हुबेहूब कॅन्सरसारखा दिसू शकतो. सरकारी केंद्रातून फुकट मिळणाऱ्या गोळ्या त्याने सहा महिने घेतल्या. शेवटच्या स्कॅनमध्ये गाठ नव्हती. जमीन विकली नाही. मुलगी आता नर्स आहे, आणि आज जेवणात जी बाजरीची भाकरी आहे ती त्याच दोन एकरांतली आहे, असं मला मघाशी सांगण्यात आलं.

इथे टाळ्या वाजवू नका. कारण ही गोष्ट सांगितली की लोकांना वाटतं, सुई घातली की चांगलंच निघतं. बहुतेक वेळा तसं निघत नाही. बहुतेक वेळा सीटीवरून जी भीती वाटलेली असते, सुई तीच खरी ठरवते. म्हणून दुसरी गोष्ट सांगायला हवी.

आपले गणिताचे सर. काकू समोर आहेत. त्यांना मी गेल्या आठवड्यात फोन करून विचारलं की सरांबद्दल बोलू का. त्या म्हणाल्या, "बोल. पण त्यांना थोर करू नकोस, त्यांना आवडायचं नाही."

सर बहात्तराव्या वर्षी पिवळे झाले. दुखणं काही नाही. आधी सहा महिने नव्याने मधुमेह निघाला होता, घरात कुणालाच नसताना, आणि वजन उतरत होतं. मधुमेहाच्या पथ्यानं उतरलं असं सगळ्यांना वाटलं. कावीळ झाल्यावर शेजाऱ्यांनी कावीळीचं औषध देणाऱ्याकडे नेलं. हातावर चुना चोळून धुतलं, पाणी पिवळं निघालं, सगळ्यांना बरं वाटलं. तीन आठवडे गेले. तोवर अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली आणि शौच पांढरट मातीसारखी. (हे जेवणाआधी बोलावं लागतंय, माफ करा. पण ध्यानात ठेवा: खाजेची, पांढऱ्या शौचाची कावीळ म्हणजे पित्ताची वाट अडलेली असते. तिला मुळी-पाल्याने वाट मिळत नाही.) मग एका इस्पितळात घाईघाईने पित्ताच्या नळीत स्टेंट टाकला गेला. कावीळ उतरली. पण स्टेंटच्या नळीची सावली आमच्या सोनोग्राफीत पडते आणि आजूबाजूला सूजही येते. शक्य असेल तिथे आधी ईयूएस, मग स्टेंट, असा क्रम आम्ही सांगतो. ताप, जंतुसंसर्ग असेल तर तेवढा वेळ नसतो, हेही खरं.

सर माझ्याकडे आले तेव्हा सीटीत स्वादुपिंडाचं डोकं भरल्यासारखं दिसत होतं, स्पष्ट गाठ नाही. ईयूएसमध्ये स्टेंटशेजारी काळपट भाग दिसला. ती सूज की गाठ, माझं मन धड होईना. स्वादुपिंडाची एक सूज अशीही असते की शरीराची प्रतिकारशक्तीच उलटलेली असते, आणि ती स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ओसरते. तिच्यावर मोठं ऑपरेशन करणं म्हणजे अन्याय. म्हणून सुई घातली. चार दिवसांनी रिपोर्ट आला: दाहाच्या पेशी, कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत.

मी काय केलं? फोन उचलला आणि सांगितलं, "सर, कॅन्सर नाही."

हे वाक्य मी म्हणायला नको होतं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत म्हटलं नसतं. पण ज्या माणसाने मला बीजगणित शिकवलं, घरी पैसे नव्हते तेव्हा स्कॉलरशिपचा फॉर्म स्वतः भरला, त्यांना चांगली बातमी देण्याची मला घाई झाली होती.

पलीकडे जरा वेळ आवाज आला नाही. मग सरांनी विचारलं, "का गं, उत्तर शून्य आलं, की उत्तर सापडलंच नाही?"

मी काहीतरी गुळमुळीत बोलले. ते म्हणाले, "उद्या येतो. कागद-पेन्सिल तयार ठेव."

दुसऱ्या दिवशी ते समोर बसले आणि त्यांनी मला फळ्यापाशी उभं केल्यासारखं केलं. "माझ्यासारखी लक्षणं असलेली शंभर माणसं घे. सुईच्या आधी तुझा अंदाज काय, किती जणांना कॅन्सर असेल?" मी म्हटलं, "ऐंशी धरा." "तुझी सुई किती जणांना पकडते?" जगभरच्या अनुभवात ते प्रमाण ८५ ते ९० टक्क्यांच्या आसपास आहे. मी म्हटलं, "दहात नऊ धरू." "म्हणजे ऐंशीतले बहात्तर. आठ निसटले. बाकीचे वीस खरेच निर्दोष. आता ज्यांना 'नाही' असा रिपोर्ट मिळाला ते किती?" "अठ्ठावीस, सर." "आणि त्यातले आजारी?" "आठ."

"दोन सप्तमांश," सर म्हणाले. "म्हणजे चारात एकाहून जास्त. आणि तू मला काल काय सांगितलंस?"

मित्रहो, हा हिशोब मला येत नव्हता असं नाही. परीक्षेत मी तो लिहिला आहे, विद्यार्थ्यांना शिकवलाही आहे. सुई 'आहे' म्हणाली तर त्यावर जवळजवळ डोळे मिटून विश्वास ठेवता येतो, चूक क्वचित होते. सुई 'नाही' म्हणाली तर मात्र बघावं लागतं की आधी संशय किती होता. संशय मोठा असेल तर 'नाही' म्हणजे फक्त 'या खेपेला हाती लागलं नाही'. कॅन्सरच्या गाठीत पुष्कळदा कॅन्सरच्या पेशी विरळ असतात आणि भोवती कडक तंतूंची गच्च जाळी. सुई त्या जाळीतच फिरून परत येऊ शकते. आपल्याला हवा असतो तो रिपोर्ट आला की डॉक्टरही तो दुसऱ्यांदा तपासत नाही, एवढंच.

दोन आठवड्यांनी पुन्हा सुई घातली, तुकडा काढणारी, स्टेंटपासून दूरच्या कडेतून. रक्ताच्या चाचणीत ती प्रतिकारशक्तीची सूज असल्याची खूण आधीच मिळालेली नव्हती. या वेळी उत्तर आलं: ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे तोच नेहमीचा. मी फोन केला नाही. घरी गेले. काकूंनी दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा टाकायला आत गेल्या. सर म्हणाले, "मिळालं का उत्तर?" मी म्हटलं, मिळालं. "किती मोठं?" सव्वादोन सेंटिमीटर, रक्तवाहिन्यांपासून दूर, ऑपरेशन होऊ शकतं. हा रोग कळतो तेव्हा पाचातल्या जेमतेम एकाला ऑपरेशन करता येण्यासारखं असतं. सर त्या एकात होते.

व्हिपल नावाचं ते ऑपरेशन मोठं असतं. स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम, पित्ताशय, पित्तनळीचा भाग काढून पुन्हा सगळी जोडाजोड करतात. सर सोळाव्या दिवशी घरी आले. मग सहा महिने केमोथेरपी. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ते बरे होते. नातीची दहावी त्या वर्षात झाली, तिला भूमिती त्यांनीच शिकवली. इथल्या वाचनालयात शनिवारी मुलं जमवून कोडी घालायचे. मग रोग यकृतात परतला.

शेवटच्या महिन्यांत पाठीत फार दुखायचं. तेव्हा पुन्हा तीच दुर्बीण, तीच सुई, पण या वेळी महारोहिणीजवळच्या नसांच्या जाळ्यात औषध सोडून ती बधिर करायला. या कामासाठीही ईयूएस वापरतात. प्रत्येकाला गुण येतो असं नाही, सरांना आला. त्या रात्री ते पाठीवर झोपले, काकूंनी सकाळी फोन करून सांगितलं. पहिल्या सुईपासून धरलं तर सर दोन वर्षांना थोडे कमी जगले. पहिल्या रिपोर्टवर मी थांबले असते आणि सर गणिताचे नसते, तर किती जगले असते याचा हिशोब मला करता येत नाही.

तेव्हापासून माझ्या खोलीत एक बदल झाला. 'नाही' असा रिपोर्ट आला की मी फोनवर सांगत नाही. पेशंटला बोलावते, कागद घेते आणि शंभर माणसांचा हिशोब मांडते. भाजीवाल्या मावशींनाही तो समजतो, त्यांना तर लवकर समजतो. काही जण चिडतात, "म्हणजे एवढा खर्च करून तुम्हाला कळलंच नाही?" त्यांना म्हणते, काय कळलं आणि काय कळलं नाही, हे दोन्ही सांगते आहे. कुणाला पुन्हा सुई लागते, कुणाला सहा आठवड्यांनी स्कॅन, कुणाला सरळ सर्जन.

संयोजक घड्याळ दाखवताहेत. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि त्याबरोबर वजनही उतरत असेल, कावीळ झाली आणि दुखत नसेल, पोटातली कळ पाठीत जात असेल आणि पुढे वाकलं की बरं वाटत असेल, तर घरगुती उपायात महिना काढू नका. एवढंच गुरुकिल्लीच्या जवळ जाणारं माझ्याकडे आहे.

आणि एक विनंती. मघापासून चार जणांनी खिशातून घडी घातलेले रिपोर्ट काढून दाखवले. जेवणाच्या पंगतीत कृपा करून दाखवू नका, श्रीखंड आहे. मी उद्या सकाळी नऊपर्यंत इथेच आहे, शाळेच्या व्हरांड्यात बसते. येताना नुसता कागद आणू नका, स्कॅनची सीडी आणा. कागदावर दुसऱ्याने पाहिलेलं असतं, मला स्वतः बघायचं आहे.